बेकाराचा दावा

हाताला काम असतां मनुष्य आपल्या श्रमाचें मोल मालकाजवळ मागतो. तें काम सुटलें म्हणजे त्यानें कोणाजवळ काय मागावें? प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचें उत्तर बसविण्यांत इंग्लंडसारख्या संपन्न राष्ट्राचीं जवळजवळ चाळीस वर्षें गेलीं. १९११ सालीं तेथें बेकारीच्या विम्याचा पहिला कायदा झाला आणि १९४८ सालीं त्या विम्यास एक स्थिर रूप आलें. मधल्या काळांत लाखो कामगार सरकारी कचेरीच्या एका खिडकीपुढें रांगेनें उभे राहिले. खिडकीच्या अलीकडे उभा असलेला मनुष्य म्हणत होता कीं, वर्गणी भरली आहे, आतां हक्क मिळावा. पलीकडे बसलेला म्हणत होता कीं, आधीं पात्रता सिद्ध व्हावी. या दोघांमधील वादाचा निकाल वेळोवेळीं कसा लागत गेला, हें पाहणें म्हणजेच बेकारीच्या भत्त्याचा इतिहास पाहणें होय.

हा वाद समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. १८३४ सालच्या गरिबांच्या कायद्यानें असें तत्त्व घालून दिलें कीं, धडधाकट मनुष्यास मदत हवी असेल तर त्यानें 'वर्कहाउस' म्हणजे सार्वजनिक गरीबखान्यांत येऊन राहावें, आणि तेथील राहणी बाहेरच्या अगदीं हलक्या मजुराच्या राहणीपेक्षांहि कमी प्रतीची असावी. हेतु हा कीं, अगदीं निरुपाय झाल्याखेरीज कोणीं तेथें पाऊल टाकूं नये. तेथें कुटुंब एकत्र राहत नसे; नवरा एका बाजूस, बायको दुसऱ्या बाजूस, आणि मुलें तिसऱ्या बाजूस अशी ताटातूट होई. गरिबांच्या कायद्याखालीं मदत घेणारास पार्लमेंटच्या निवडणुकींत मत देण्याचा अधिकार १९१८ सालापर्यंत नव्हता. तात्पर्य, बेकारी ही आपत्ति नसून तो एक प्रकारचा अपराध आहे, अशी त्या काळच्या कायद्याची समजूत होती.

कुशल कारागिरांनीं मात्र स्वतःची सोय स्वतःच केली होती. यंत्रकारागिरांचा व तत्सम धंद्यांचे संघ आपल्या सभासदांकडून दर आठवड्यास वर्गणी घेत आणि काम सुटलेल्या सभासदास त्या गंगाजळींतून भत्ता देत. सुगीच्या दिवसांत पेवांत धान्य भरावें आणि टंचाईंत तें उपसावें, तसाच हा व्यवहार होता. परंतु पेव भरण्यासाठीं आधीं सुगी व्हावी लागते. गोदीवरच्या हमालास किंवा रोजंदारीच्या मजुरास ती कधींच लाभत नसे. त्यामुळें ज्यास मदतीची गरज सर्वांत अधिक, तोच या सोयीच्या बाहेर राहिला.

सर्वांनाच विम्यांत ओढण्याचा पहिला प्रयत्न स्वित्झर्लंडांतील सेंट गालेन या शहरानें १८९५ सालीं केला. तेथें वर्गणी सक्तीची होती. पण वारंवार बेकार होणाऱ्यांचा भार आपण कां वाहावा, असें कायम काम असलेले लोक कुरकुरूं लागले, आणि दोनच वर्षांत ती योजना गुंडाळावी लागली. पुढें १९०१ सालीं बेल्जममधील गेंट शहरानें निराळी वाट काढली. कामगारांच्या संघांनीं भत्ता द्यावा आणि त्यांत नगरपालिकेनें आपली भर घालावी, अशी ती व्यवस्था होती. या दोन अनुभवांवरून शहाण्या लोकांनीं दोन धडे घेतले. एक असा कीं, विमा मोठ्या क्षेत्रावर पसरल्याशिवाय टिकत नाहीं. आणि दुसरा असा कीं, मनुष्य खरोखर बेकार आहे किंवा नाहीं हें कळण्याचें कांहीं साधन हातीं असल्याशिवाय विमा चालवितां येत नाहीं.

हें साधन इंग्लंडास मिळवून देणाऱ्यांत विल्यम बेव्हरिज याचें नांव अग्रभागीं येतें. याचा जन्म १८७९ सालीं बंगालमधील रंगपूर येथें झाला. वडील तेथें सरकारी न्यायखात्यांत होते. लंडनच्या पूर्व भागांतील गोदीच्या मजुरांची स्थिति पाहून बेव्हरिजच्या मनानें घेतलें कीं, बेकारी हा आळशी माणसांचा दोष नसून उद्योगधंद्याच्या रचनेंतील दोष आहे, आणि १९०९ सालीं त्यानें हें मत ग्रंथरूपानें मांडलें. त्याच वर्षीं व्यापारमंत्री विन्स्टन चर्चिल यानें लेबर एक्स्चेंजचा कायदा मंजूर करून घेतला. लेबर एक्स्चेंज म्हणजे रिकामें काम आणि रिकामा कामगार यांची गांठ घालून देणारी सरकारी कचेरी. १ फेब्रुवारी १९१० रोजीं अशा साठांहून अधिक कचेऱ्यांचे दरवाजे उघडले. ज्या मनुष्यास कचेरीस काम देतां येत नाहीं तो खरा बेकार, अशी सोपी कसोटी आतां हातीं आली.

त्यानंतर १९११ सालचा राष्ट्रीय विम्याचा कायदा आला. इमारतकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम, लोखंडाचें ओतकाम, गाड्या तयार करणें इत्यादि सात धंदे त्यानें निवडले. या धंद्यांत कामाची भरती-ओहोटी विशेष असे. सुमारे २२॥ लाख कामगार त्याखालीं आले. कामगारानें आठवड्यास २॥ पेन्स, मालकानें तितकेच, आणि सरकारनें त्या दोघांच्या बेरजेच्या एकतृतीयांश भर घालावी, असें ठरलें. १९१२ सालच्या जुलैपासून वर्गणी सुरू झाली आणि १९१३ सालच्या जानेवारींत पहिला भत्ता वाटला गेला. तो आठवड्यास ७ शिलिंग असून वर्षांत फार तर १५ आठवडे मिळे. शिवाय पांच आठवड्यांच्या वर्गणीमागें एकच आठवड्याचा भत्ता, अशी मर्यादा होती. ७ शिलिंगांत कुटुंबाचा निर्वाह होत नव्हता, आणि व्हावा अशी अपेक्षाहि नव्हती. घरच्या शिलकीस थोडा आधार, एवढाच त्याचा उद्देश होता.

या दाव्याची पद्धत लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रत्येक कामगाराचें एक विम्याचें पुस्तक असे. काम चालू असतां तें मालकाजवळ राही आणि मालक त्यावर दर आठवड्यास तिकिटें चिकटवी. काम सुटलें कीं तें पुस्तक घेऊन कामगारानें एक्स्चेंजच्या कचेरींत जावें, तें तेथें जमा करावें, दाव्याचा नमुना भरावा, आणि त्यानंतर नेमल्या वेळीं येऊन रजिस्टरांत सही करीत राहावें. पहिल्या आठवड्याचा भत्ता मिळत नसे. दरम्यान काम कां सुटलें, याची विचारणा कचेरी मालकाकडे करी. गैरवर्तनामुळें काढलें असेल, किंवा योग्य कारणावांचून कामगारानें आपण होऊन काम सोडलें असेल, तर सहा आठवडे भत्ता बंद होई. संपांत असलेल्यास तो मुळींच मिळत नसे. पण कायद्यानें कामगाराच्या बाजूनेंहि दोन गोष्टी राखल्या होत्या. संपामुळें रिकामी झालेली जागा त्यानें पत्करलीच पाहिजे असें नव्हतें. आणि त्या भागांतील रूढ दराहून कमी मजुरीचें काम नाकारल्यामुळें त्याचा हक्क बुडत नव्हता.

विमा-अधिकाऱ्यानें दावा फेटाळला तर पुढें दाद मागतां येई. त्यासाठीं तीन पंचांचें मंडळ असे. एक मालकवर्गाचा, एक कामगारवर्गाचा, आणि अध्यक्ष सरकारनें नेमलेला. त्याहून वर 'अंपायर' या नांवाचा एक अधिकारी असे आणि त्याचा निर्णय अखेरचा मानला जाई. हे निर्णय छापून प्रसिद्ध होत, व पुढील दाव्यांत त्यांचा दाखला घेतला जाई. कामगार-संघांचे चिटणीस ते निर्णय वकिलाप्रमाणें अभ्यासीत आणि आपल्या सभासदाची बाजू मांडीत. ज्यास संघ नाहीं त्या एकट्या मनुष्यास मात्र नियमांच्या या जंगलांत वाट सांपडणें कठीण जाई. कायद्यानें हक्क सर्वांना सारखाच दिला होता. पण तो वसूल करण्याचें ज्ञान सर्वांजवळ सारखें नव्हतें. ही गोष्ट या सर्व इतिहासांत पुनःपुन्हां दिसून येते.

पहिलें महायुद्ध संपलें आणि १९१८ सालच्या नोव्हेंबरांत लाखो शिपाई घरीं परतूं लागले. ज्यांनीं खंदकांत चार वर्षें काढलीं त्यांना वर्कहाउसचा रस्ता दाखविण्याची कोणासहि छाती झाली नाहीं. सरकारनें त्यांस, आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतून सुटलेल्या स्त्रीपुरुषांसहि, वर्गणीची अट न घालतां तात्पुरतें साहाय्य दिलें. प्रारंभीं पुरुषास आठवड्यास २४ शिलिंग आणि स्त्रीस २० शिलिंग असा त्याचा दर असून मुलांसाठीं निराळी रक्कम होती. विम्याच्या भत्त्याहून हा दर कितीतरी मोठा होता, आणि मुलाबाळांची गणना प्रथमच झाली होती. याच सुमारास 'डोल' हा शब्द सर्वांच्या तोंडीं बसला. डोल म्हणजे देवळाच्या दारीं वांटलेला शिधा. हक्काच्या वस्तूस असें दानाचें नांव पडलें, आणि तें नांव पुढें कित्येक वर्षें बेकाराच्या कपाळीं चिकटून राहिलें.

१९२० सालीं विमा १ कोटीहून अधिक कामगारांपर्यंत वाढविला गेला. शेतमजूर व घरकामाचे नोकर त्यांतून वगळले होते. कायदा अमलांत आला आणि लगोलग व्यापारांत मंदी कोसळली. १९२१ सालच्या मध्यास बेकारांची संख्या २० लाखांवर गेली. बहुतेकांनीं पुरेशी वर्गणी भरलीच नव्हती, कारण भरावयास अवधीच मिळाला नव्हता. त्यांना उपाशी ठेवणें शक्य नव्हतें, म्हणून वर्गणी न भरतांहि भत्ता देण्याची तरतूद झाली. परंतु दुसऱ्या हातानें सरकारनें एक अट घातली. अर्जदार पूर्ण वेळाचें काम मनापासून शोधीत आहे आणि तरीहि त्यास तें मिळत नाहीं, अशी खात्री पटली पाहिजे. १९२४ सालीं ही अट सर्वच दावेदारांस लागू झाली.

वरवर पाहतां या अटींत वावगें कांहींच नाहीं. काम शोधणें हें बेकाराचें कर्तव्यच आहे. दोष होता तो पुराव्याच्या ओझ्यांत. मनुष्यास काम देऊं केलें आणि त्यानें नाकारलें, तर तो आळशी ठरतो; ही जुनी कसोटी डोळ्यांना दिसणारी होती. नव्या कसोटींत काम देऊं करण्याची गरजच उरली नाहीं. अर्जदाराच्या मनाची स्थिति काय आहे, हें पाहावयाचें होतें. स्थानिक समित्या त्यास समोर बसवून विचारीत: काल कोठें गेलां होतां, परवां कोठें, किती कारखान्यांत चौकशी केली, कोणास भेटलां. ज्या खोऱ्यांतील एकुलती एक खाण बंद पडली आहे, तेथील खाणकामगारानें या प्रश्नांना काय उत्तर द्यावें? काम नाहीं हें त्यासहि ठाऊक, समितीसहि ठाऊक, आणि खाणीच्या मुकादमासहि ठाऊक. तरी तो मैलोगणती चालत जाई आणि 'जागा नाहीं' हें उत्तर ऐकून परत येई; कारण तें उत्तरच त्याचा पुरावा होता. कित्येक जण तर मालकाकडून तशी चिठ्ठी लिहून घेत. बोलण्यांत चतुर असलेला मनुष्य परीक्षेंत उतरे आणि भिडस्त, अबोल मनुष्य नापास होई. १९२१ ते १९३० या काळांत या एका कारणावरून फेटाळलेले दावे सुमारे ३० लाख भरले. विवाहित स्त्रियांना आणि घरकामाची नोकरी पत्करण्यास नाखूष असलेल्या गिरणीच्या कामकरणींना या कसोटीची झळ विशेष लागली.

ही अट १९३० सालीं रद्द झाली. त्या वेळीं मजूरखात्याची सूत्रें मार्गारेट बाँडफील्ड हिच्या हातीं होतीं. ब्रिटिश मंत्रिमंडळांत बसणारी ती पहिली स्त्री. योग्य काम देऊं केलें असतां तें नाकारलें, हें दाखविण्याची जबाबदारी आतां कचेरीवर आली. पुराव्याचें ओझें खिडकीच्या अलीकडून पलीकडे गेलें. कायद्यांतील शब्द थोडेच बदलले, पण लाखो माणसांची पायपीट त्यामुळें वांचली.

हें सुख फार दिवस टिकलें नाहीं. जागतिक मंदी पसरत गेली. १९३१ सालच्या ऑगस्टांत भत्ता कमी करावा कीं नाहीं, या प्रश्नावर मजूर पक्षाचें मंत्रिमंडळच फुटलें, आणि त्याच्या जागीं आलेल्या राष्ट्रीय सरकारनें भत्त्यांत एकदशांश काट मारली. पुरुषाचे १७ शिलिंग होते ते १५ शिलिंग ३ पेन्स झाले. नवरा, बायको आणि दोन मुलें यांस ३० शिलिंग मिळत असत, त्यांचे २७ शिलिंग ३ पेन्स राहिले. आणि याहूनहि कडू अशी गोष्ट त्याच सालच्या नोव्हेंबरांत आली. ती म्हणजे 'मीन्स टेस्ट', ऐपतीची चौकशी. २६ आठवड्यांचा विम्याचा भत्ता संपला म्हणजे पुढील मदत जुन्या गरिबांच्या कायद्याची वारस असलेली स्थानिक समिति ठरवी, आणि ती एकट्या अर्जदाराचें नव्हे तर सगळ्या घराचें उत्पन्न मोजी.

या चौकशीनें घरांत काय केलें, हें आंकड्यांवरून समजत नाहीं. तपासनीस दारांत येई, शिलकीचें पुस्तक पाही, घरांतील सामानावरून नजर फिरवी. मुलगा किंवा मुलगी कामास लागली कीं तिच्या मजुरीइतकी बापाच्या मदतींत घट होई. ज्या बापानें वीस वर्षें घर पोसलें, त्यानें आतां मुलीच्या पाकिटाकडे पाहत बसावें, अशी वेळ आली. कांहीं ठिकाणीं तरुण मुलें केवळ आईबापांचा भत्ता शाबूत राहावा म्हणून दुसरीकडे बिऱ्हाड करूं लागलीं. ज्यानें काटकसरीनें चार पैसे शिल्लक टाकले, त्याचीच मदत कापली जाई. ज्यानें उधळले त्यास ती पुरी मिळे. काटकसरीचा उपदेश करणाऱ्या सरकारनेंच काटकसरीवर दंड बसविला! रॉदरम आणि डरम येथील समित्यांनीं नियम सैल हातानें चालविले, तेव्हां १९३२ सालीं त्यांचे अधिकार काढून सरकारनें तेथें आपले कमिशनर बसविले. १९३३ सालच्या जानेवारींत बेकारांची संख्या ३० लाखांच्या घरांत गेली होती.

१९३४ सालीं सर्व देशासाठीं एकच मदत-मंडळ नेमलें गेलें. पुढील जानेवारींत त्यानें नवे दर लावले, तेव्हां पुष्कळांच्या हातीं पूर्वीपेक्षांहि कमी पैसे पडले. दक्षिण वेल्समध्यें लोक एवढ्या संख्येनें रस्त्यावर आले कीं, फेब्रुवारी १९३५ मध्यें सरकारास ते दर स्थगित करावे लागले. १९३६ सालच्या ऑक्टोबरांत जॅरो या गांवचे २०० पुरुष लंडनपर्यंत पायीं चालत गेले. तेथील जहाजांचा कारखाना बंद पडून गांव ओसाड होत चाललें होतें. त्यांनीं भत्ता मागितला नाहीं, काम मागितलें. ते परत आले तेव्हां त्यांस असें कळलें कीं, चालत असतांना ते 'कामास उपलब्ध' नव्हते, म्हणून त्या दिवसांचा भत्ता कापला गेला आहे. काम मागण्यास गेलेला मनुष्य कामास उपलब्ध नाहीं, असा हा न्याय. नियमाचें अक्षर पाळतां पाळतां नियमाचा हेतु कसा हरवतो, याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

शेवटीं दुसऱ्या महायुद्धानें हा पेंच सोडविला. १९४१ सालीं घरभर उत्पन्न मोजण्याची पद्धत रद्द झाली. १९४२ सालच्या डिसेंबरांत बेव्हरिजचा सुप्रसिद्ध अहवाल बाहेर पडला, आणि ५ जुलै १९४८ रोजीं नवा राष्ट्रीय विमा सुरू झाला. एकट्या मनुष्यास २६ शिलिंग आणि नवराबायकोस ४२ शिलिंग असा भत्ता, वर्गणीच्या बळावर, घराची झडती न घेतां मिळूं लागला. ऐपत पाहून द्यावयाची मदत निराळी राहिली. पण विम्याची रक्कम ही दान नव्हे, हें तत्त्व त्या दिवशीं पक्कें झालें.

हिंदुस्थानांत हा प्रश्न १९२९ सालीं नेमलेल्या मजूर कमिशनपुढें आला होता. नारायण मल्हार जोशी हे त्या कमिशनचे एक सभासद होते. सर्व राष्ट्रासाठीं बेकारीचा विमा त्या वेळीं शक्य दिसत नाहीं, असें १९३१ सालच्या अहवालानें म्हटलें. मुंबईच्या गिरणींत काम सुटलेला रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा कामगार गांवीं परत जाई. भावकींतील अर्धी भाकर हाच त्याचा विमा, आणि तिची वर्गणी म्हणजे पूर्वीं त्यानें घरीं धाडलेल्या मनीऑर्डरी. १९५३ सालीं औद्योगिक कलहाच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन, तात्पुरतें काम बंद ठेवलेल्या कामगारास अर्ध्या पगाराची आणि कायमचें कमी केलेल्यास नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागें १५ दिवसांच्या पगाराची भरपाई ठरली. त्यांतहि अट अशी होती कीं, तात्पुरतें बंद ठेवलेल्या कामगारानें दिवसांतून एकदां नेमल्या वेळीं कारखान्यावर हजर व्हावें. इंग्लंडांतील तें सहीचें रजिस्टर येथेंहि निराळ्या वेषांत आलें. महाराष्ट्राच्या १९७७ सालच्या रोजगार हमीच्या कायद्यानें तर उलट दिशेनें पाऊल टाकलें. मजुरानें काम मागावें, आणि तें १५ दिवसांत देतां आलें नाहीं तर सरकारनें रोज निदान १ रुपया भत्ता द्यावा. रक्कम क्षुल्लक होती. पण काम नाहीं हें सिद्ध करण्याची पाळी मजुरावर न येतां काम आहे हें दाखविण्याची पाळी सरकारवर आली. पुढें राज्य विमा महामंडळानें २००५ आणि २०१८ सालीं नोकरी गेलेल्या विमेदारांसाठीं योजना काढल्या. दुसऱ्या योजनेंतील दावा प्रारंभीं जुन्या मालकाच्या हातून जावा लागे. ज्या मालकानें काढलें त्याच्याच दारीं पुन्हां जावयाचें! २०२० सालच्या महामारींत ती अट सैल होऊन कामगारास आपला दावा सरळ महामंडळाच्या कचेरींत देतां येऊं लागला.

या सर्व हकीकतीवरून एक गोष्ट स्पष्ट होते. भत्त्याची रक्कम ७ शिलिंग असो कीं २६, तिचें खरें मोल दाव्याच्या रीतीवर ठरतें. पुरावा कोणीं द्यावयाचा, नाकारलें तर दाद कोठें मागावयाची, आणि मागणाऱ्यास बाजू मांडण्यास कोणी सोबती आहे कीं नाहीं, या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्या कायद्यांत नीट असतात, तो कायदा थोड्या पैशांतहि मनुष्याची मान ताठ ठेवतो. तीं नसलीं तर मोठी रक्कमहि भिक्षेसारखी वाटते. काम गेलेला मनुष्य आधींच निम्मा खचलेला असतो. त्याची परीक्षा घेणें राज्यास कधींकधीं प्राप्त होतें. परंतु त्या परीक्षेचा प्रश्न असा असावा कीं, प्रामाणिक मनुष्यास त्याचें उत्तर देतां येईल.